काकू, बातमी नाही

चारोटीला हॉटेलात भजी खात होतो, तेवढ्यात नरपडहून नितीनच्या घरचा फोन आला. नितीन सीमेवर, त्यामुळे फोन उचलायच्या आधीच हातातलं भजं खाली ठेवलं. पलीकडून त्याची बायको माधुरी रडत म्हणाली, "सासूबाई गेल्या." आणि माझ्या तोंडून निघालं, "हात्तिच्या, मला वाटलं..." असं बोलणारा माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात एकच.

मंगलाकाकू म्हणजे माझ्या वर्गमित्राची, नितीनची आई. तो सैन्यात भरती झाल्यापासून त्या एकाच गोष्टीला भ्यायच्या, दारात येणाऱ्या गणवेशाला. हे मला ठाऊक होतं. तरी जवळच्या चिखले गावच्या किनाऱ्यावर युद्धपटाचं शूटिंग आलं आणि जवान गेल्याची बातमी घरी आणणाऱ्या अधिकाऱ्याचं काम मला मिळालं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्याच गणवेशात, रुबाबात मी काकूंना दाखवायला निघालो. चिकटवलेली मिशीसुद्धा काढली नाही. चिकूच्या झाडांमधून येताना त्यांनी मला पाहिलं असावं. आतून कडी लागली.

"काकू, मी दिग्या."

"इथे कोणी राहत नाही," काकूंचाच आवाज, पण ओळखू न येण्याइतका बारीक...

मी हसलो, पुन्हा हाक मारली. आत कुणीतरी भिंतीला टेकून खाली बसल्यासारखं ऐकू आलं आणि माझं हसू जिरलं. मिशी उपटली, शर्ट काढला, पँट काढली, चड्डी-बनियनवर अंगणात उभा राहिलो. "बघा, मीच. बातमी नाही काकू, काही बातमी नाही." दार बऱ्याच वेळाने उघडलं. त्यांचे हात कडीवरून सुटत नव्हते. "मेल्या, पुढच्या वेळी वाटेवरूनच ओरडत ये," त्या म्हणाल्या. मग मी कायम वाटेवरूनच "काकू, बातमी नाही" असं ओरडत यायचो.

सिनेमा आम्ही त्यांच्याकडेच मोबाइलवर पाहिला. माझा चेहरा एडिटिंगमध्ये कापलेला, दिसले फक्त बूट. पडद्यावरच्या आईने दार उघडलं. काकू कुजबुजल्या, "उघडायला नको होतं हिने."

आईच्या कार्यासाठी आलेल्या नितीनची रजा परवा संपली. त्याला स्टेशनला सोडायचं म्हणून घरी न्यायला गेलो, तर वाटेवरच तोंडून निघून गेलं, "काकू, बातमी नाही..." दार उघडलं. माधुरी उभी होती, मागे गणवेशातला नितीन. तो माझ्या गाडीवर बसला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "भाऊजी, यापुढेही येताना ओरडतच या."

आम्ही चिकूच्या झाडांपर्यंत पोचतो न पोचतो, तोच मागे कडी लागली.