मामाच्या गावापर्यंत चार शॉकअप

आमच्या नंदनवन वस्तीतून जीप निघाली तेव्हा आई मागच्या सीटवर पाटवडी-रश्श्याचा डबा (बेसनाच्या वड्या, झणझणीत रस्सा) मांडीवर घेऊन बसली होती. भावाचं जेवण पायाशी ठेवायचं नाही, हा तिचा नियम. मामाचं गाव उमरेडच्या पुढे, जंगलाच्या कडेला. मामा अंथरुणाला खिळलेला आणि शेवटचा रस्ता असा की मागच्या खेपेला आईच्या कमरेने हात टेकले. "एक खेप ने बापू, मंग म्हणणार नाही," ती म्हणाली होती. ते 'मंग' माझ्या जिव्हारी लागलं.

म्हणून हा सारा खटाटोप. जीपचे जुने शॉकअप (खड्ड्यांचे धक्के झेलणाऱ्या तेलाच्या नळ्या) गळत होते. सक्करदऱ्याचा दुकानदार म्हणाला, "कडकवाले लावा ना भाऊ, कितीबी माल भरा, दबतच नाही!" पण मला माल न्यायचा नव्हता, आई न्यायची होती. मी उघडून पुन्हा बांधता येतील असे शॉकअप निवडले आणि ते मऊ करायला अंगणात ठाण मांडलं. आतल्या पातळ चकत्या निघतील तशा आईने दोऱ्यात ओवल्या. ती विणकराची लेक. क्रम मोडला की काय होतं, हे माहेरी मागावरच शिकलेली. चकत्या त्याच क्रमाने परत बसवल्या, सीलं नवी घातली, तेल जरा पातळ भरलं. "मिस्त्रीकडे द्या," बायको म्हणत राहिली. मी ऐकतो कुठला!

उमरेडपुढे डांबर संपलं आणि गाडी कुरकुरायला लागली. माझा चेहराच पडला. टपरीवर थांबून तर्री-पोहे सांगितले, तेवढ्यात टपरीवाले काका म्हणाले, "काहून गा, गाडी कण्हून राहिली?"

गाडीखाली शिरलो तेव्हा चूक कळली. शॉकअपच्या टोकाच्या रबरांचे नट मी चाकं अधांतरी असतानाच आवळले होते. गाडी टेकल्यावर रबर पिळलं जात होतं. नट सैल केले, गाडी आहे तशी उभी ठेवून पुन्हा आवळले. पोहे गार झाले.

"आता पोचते का?" काकांनी विचारलं.

"पोचणारच," मी म्हणालो.

नाल्यातल्या दगडांवर मी आरशात फक्त आईचा चेहरा बघत होतो. एकदाही तिने ओठ आवळले नाहीत.

मामाने एक वडी खाल्ली, मग दुसरी मागितली. मला फार बरं वाटलं. निघताना आई दारात वळली. "पोळ्याले येईन गा दादा," ती सहज म्हणून गेली. नेशील का, असं मला विचारलंसुद्धा नाही.

परतीला त्याच दगडांवर तिला डुलकी लागली. घरी आलो तर अंगणातल्या खिळ्याला चकत्यांचा रिकामा दोरा तसाच लटकत होता. मी तो काढायला हात घातला.

"फेकू नको गा," आई म्हणाली. "पोळ्याच्या आधी एकदा खोलून पाहजो."