पार्किंगमधला घाट

सायकलच्या साखळीला तेल दिलं की त्या वासासरशी मला कुवेतमधली एक शुक्रवारची सकाळ आठवते. मुलगी तेव्हा वेल्समध्ये शिकत होती. तिने फोनवर एक नकाशा पाठवला होता: टेकड्यांमधून जाणारा साठ किलोमीटरचा फेरा, अरुंद निवांत रस्ते, दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणं आणि तीन खडे चढ. "बाबा, वुई विल डू इट टुगेदर," ती म्हणाली, आणि मी आठवडाभर त्या नकाशावर बोट फिरवत राहिलो. बायको मात्र म्हणाली, "अहो, वर्षापूर्वीच तुम्हाला स्टेंट बसवलाय. दस्मानला समुद्राकाठी सपाट रस्त्यावर चालवता तुम्ही. आधी मला चढ चढून दाखवा." पण कुवेतमध्ये चढ आणायचा कुठून? शेवटी मला आमच्या ऑफिसची सहा मजली पार्किंग सुचली, शुक्रवारच्या सुट्टीला रिकामी असणारी. वॉचमनला विचारून मी तळापासून रॅम्पवर सायकल घातली. बायको वरच्या मजल्यावर उभी राहून प्रत्येक खेपेला माझी नाडी मोजत होती. चौथ्या खेपेला मांड्या भरून आल्या, घाम डोळ्यांत उतरला, पण छातीत काही दुखलं नाही. तिने माझं मनगट सोडलं. "तिसरा चढ गाळायचा, बाकीचं जमेल," ती म्हणाली, आणि मग तिने विचारलं, "तिथे मलाही सायकल भाड्याने मिळेल ना?" त्याच उन्हाळ्यात आम्ही तिघांनी तो फेरा केला. दुसऱ्या चढावर बायको माझ्या पुढे निघून गेली, हे मी अजूनही आल्यागेल्याला कौतुकाने सांगतो.