झाडूकाकूंनी आवरलेलं वादळ

त्यांना सगळे झाडूकाकू म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. काकूंना राग येत नसे, उलट जरा मानच वाटे. पाहुण्याने कप खाली ठेवायचा अवकाश, की तो धुऊन पालथा घातलाच म्हणून समजा. त्यांच्या पपईच्या बागेत वाळकं पानसुद्धा मुक्कामाला राहत नसे.

त्यामुळे वादळाने एका रात्रीत बाग आडवी केली, तेव्हा काकू पोटभर रडल्या आणि मग कंबर कसून आवरायला लागल्या. तीन दिवसांत एकशे ऐंशी झाडं उपसून बांधालगतच्या जुन्या चरात लोटली, वर माती ओढली, खड्डेसुद्धा बुजवले. आता कसं बरं दिसतंय, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

चौथ्या दिवशी नुकसानीची पाहणी करायला सरकारी साहेब आले. ते फोटो काढणार, यादीत आकडा लिहिणार, मग मदत खात्यात जमा होणार. त्या मदतीतूनच नवी रोपं यायची होती, नाहीतर शेत वर्षभर पडीक. साहेबांनी शेत पाहिलं, यादी पाहिली, पुन्हा शेत पाहिलं.

“काकू, इथं पडलंय काय? माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे हे.”

“पडलं होतं. मी आवरलं.”

“आवरलेल्याचा फोटो कसा काढू? मला दिसेल तेवढंच लिहिता येतं.”

त्यात पाहणीचा आज शेवटचा दिवस. ओढ्यापलीकडचं एक शेत बघून साहेब दोन तासांत याच वाटेने परतणार होते. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“वहिनी, पुढच्या वेळी आधी साहेबांना येऊ द्या, मग झाडू घ्या,” धाकटा दीर म्हणाला.

“तोंड नंतर चालव. आधी कुदळ घे.”

मग जी धांदल उडाली, ती विचारू नका. सून हाका मारत शेजारी गेली आणि दहा माणसं फावडी घेऊन धावली. पहिलं झाड वर आलं ते हिरव्या फळांसकट. आपलंच नुकसान सापडलं म्हणून इतका आनंद झालेली बाई तुम्ही पाहिली नसेल. कुठलं झाड कुठलं, हे काकूंना तोंडपाठ. “हे तिसऱ्या ओळीतलं, ते विहिरीकडचं, चला, उचला!” काकूंचे पाय थांबत नव्हते.

साहेब परतले तेव्हा शेवटचं झाड जागेवर पडत होतं. त्यांनी शेतात एक चक्कर मारली.

“वादळात झाडं अशी ओळीत पडतात? दुसरीकडून तर आणली नाहीत ना?”

काकूंनी कपाळावरचा घाम पुसला. “साहेब, ती कडेची बारा मोजू नका. ती वादळाआधीच रोगाने गेली होती, उपटायची तेवढी राहिली होती.”

दिराने डोळे वटारले. साहेबांनी मात्र काकूंच्या चिखलाने माखलेल्या हातांकडे पाहिलं, फोटो काढले आणि यादीत लिहिलं: एकशे अडुसष्ट.

काकू तिथेच बांधावर बसल्या. हसू आवरेना.

“सूनबाई, रोपवाटिकेत फोन लाव. एकशे ऐंशी रोपं सांग.”

“अहो वहिनी, पैसे खात्यात तर येऊ द्या.”

“येतील. तोवर खड्डे खणायचेत आपल्याला.”