तिसरं झाकण

"आई शांतपणे गेली, काका. तुम्ही झाकण उघडलंत म्हणून तिला फार बरं वाटलं होतं." रोहिणीताईंच्या मुलीचा हा फोन आला तेव्हा मी आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा होतो. पायाखाली नवेकोरे पेव्हर ब्लॉक होते. गटाराचं ते झाकण त्यांच्याखालीच कुठेतरी होतं... अजूनही आहे. मी ते उघडलेलंच नव्हतं.

ताई महापालिकेत पावसाळी गटारांच्या कामावर इंजिनिअर होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी आमची सोसायटी हाती घेतली, असं मी सेक्रेटरी या नात्याने जरा कुरकुरतच म्हणायचो. त्यांनी गच्चीवर सोलर बसवून घेतलं, बॅटरी लावली आणि वीज गेली तरी पार्किंगमधलं पाणी उपसेल असा पंप जोडला. आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक ते बघायला यायचे. ताई त्यांना चहा पाजून थेट खाली न्यायच्या आणि गटाराची झाकणं दाखवायच्या. पाहुण्यांचे चेहरे पडायचे. "वरचं सगळ्यांना बघायचं असतं. पंप पाणी टाकणार कुठे, हे कुणी विचारत नाही," त्या म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलीकडे गेल्या असताना मी पार्किंग चकाचक करून घेतलं. ठेकेदाराने तिन्ही झाकणांवर काँक्रीट ओतून ब्लॉक बसवले आणि मी ते कौतुकाने बघत होतो. ताई परतल्या, एक फेरी मारली. "सुंदर! आता पाण्यालाही आत यायला बरं वाटेल." मग घरून लोखंडी पहार आणली. आपटायची, मान तिरकी करून खाली पोकळ वाजतं का ते ऐकायचं, दोन पावलं सरकायचं. दोन झाकणं त्यांनी अशी शोधून, वरचं काँक्रीट फोडून मोकळी करून घेतली. तिसऱ्यातून सगळं पाणी नाल्याकडे जातं, पण तिथे मीच आडवा आलो. "राहू द्या हो ताई, नवं काम आहे. बघू नंतर." उताराच्या तळाशी असलेल्या खोलीत आमचा वॉचमन मारुती राहतो, त्याची आई अंथरुणाला खिळलेली. "नंतर म्हणजे म्हातारीच्या खाटेला पाणी लागल्यावर का?" ताईंनी विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

मग त्यांचं दुखणं निघालं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, "झाकण?"

"उघडलं, ताई."

"सापडलं? मी कागदावर काढून देणार होते..." हातातली पेन्सिल त्यांनी बाजूला ठेवली आणि डोळे मिटले. त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो, असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होतो. खोटं आहे ते. मला त्यांच्यासमोर लाज वाटली, एवढंच. त्या लाजेपायी मी त्यांना ती जागा सांगूच दिली नाही.

बिल्डरकडे नकाशा नाही, ठेकेदाराला नेमकी जागा आठवत नाही. अख्खं पार्किंग फोडायला सभेत एकही हात वर झाला नाही. दुपारनंतर कात्रजच्या बाजूला ढग जमायला लागलेत. ताईंच्या मुलीने आठवण म्हणून ती पहार मला दिली. बिचारीला काय माहीत! रोज सकाळी मी ती आपटतो, मान तिरकी करतो, दोन पावलं सरकतो. मला सगळीकडून सारखाच आवाज येतो.

"सापडलं का, साहेब?" मारुती दारातून विचारतो.

"नाही रे."

काल त्याने आईच्या खाटेच्या पायांखाली आणखी एकेक वीट सरकवली.