कोरे क्रेट

कारखान्यात तिला सगळे 'भिंग' म्हणत, अर्थात पाठीमागे. पुरवठादारांकडे जाऊन माल तपासणं हे तिचं काम, आणि संशय हा मूळचा स्वभाव. नवऱ्याने 'दूध तापवलंय' म्हटलं तरी बाईसाहेब पातेल्याला हात लावून बघायच्या.

कारखाना प्लास्टिकच्या खुर्च्यांचा. यंदा मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, की निम्मा कच्चा माल जुनं प्लास्टिक वितळवून केलेलाच घ्यायचा, म्हणजे कचरा कमी होईल. असा माल मी देतो म्हणून तिचा धाकटा भाऊ पुढे आला आणि तिने शब्द टाकून त्याला काम मिळवून दिलं. पण त्याच्याकडून आलेले प्लास्टिकचे दाणे हातात घेतले की तिच्या मनात पाल चुकचुकायची. भंगारातलं प्लास्टिक कितीही धुतलं तरी साबणाचा, तेलाचा, कसला ना कसला वास राहतोच, रंगही मळकट येतो. याचे दाणे मात्र निळेशार आणि बिनवासाचे. कुठेतरी पाणी मुरत होतं. आपला संशय खोटा ठरावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

दोन महिने तिने स्वतःची समजूत घातली. शेवटी एका दुपारी न कळवता त्याच्या शेडवर जाऊन थडकली. भाऊ तुकडे करायच्या मशीनपाशी उभा होता. शेजारी निळ्या क्रेटची चळत पार छतापर्यंत गेलेली. तिने एक क्रेट उचलला. कुठे ओरखडा नाही, कोपऱ्यातलं लेबलसुद्धा तसंच.

"हे तर कोरे आहेत रे."

"पलीकडच्या शेडमध्ये बनतात," तो म्हणाला. "भंगार पुरत नाही गं ताई. तुमच्याकडे जुन्याला भाव चढा, मग नवेच आणून तोडतो. तोडल्यावर जुनंच झालं ना? यात खोटं काय?"

तिला आधी हसू आलं, मग रडू. कचरा कमी करायला निघालेल्या कारखान्यासाठी हा पठ्ठ्या धडधाकट मालाचा कचरा करत होता.

"उद्या मी हे साहेबांना सांगणार," ती म्हणाली. "तुझं काम जाईल. माझ्या शब्दालाही किंमत राहणार नाही."

भावाचा चेहरा उतरला. "सख्खी बहीण ना तू? परक्यानेसुद्धा इतकं खोदून बघितलं नसतं."

"तू परका असतास," ती म्हणाली, "तर पहिला ट्रक आला तेव्हाच येऊन बघितलं असतं मी."