कौतिकाबाईची बोटं

कौतिकाबाई विडी वळताना हाताकडे कधी बघत नसे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पत्ती आणि जर्दा, नजर मात्र दवनीवाड्याच्या रस्त्यावर. कोण कुठे चाललं, कोणाची सून माहेराहून आली, सगळं तिला दिसायचं. बोटं इकडे आपली पत्ती गुंडाळून, तोंड दुमडून, सूत बांधून मोकळी. मी नवी होते तेव्हा मान मोडेस्तोवर सुपात बघायची. ती हसायची.

"शेवंते, घास तोंडात घालतानी पायतेस का वो? बोटाइले समजते. डोरे कायले खर्च करतेस?"

माझ्या घरासमोरच तिचं घर. नातं काही नाही, पण आम्ही सगळ्या तिला बाई म्हणायचो, म्हणजे मोठी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सौंदडला दिलेली. तिच्या घरापुढच्या छपरीत आम्ही पाच-सहा जणी विड्या वळायला बसायचो. भिजवलेली पत्ती मऊ झाली की नाही, हे सांगायचं काम तिचं. दोन बोटांनी नुसती चाचपायची. "अजून ताठ हाये, सासूवानी," म्हणायची. पत्ती तिला दाखवल्याशिवाय कोणी कात्री लावत नसे.

तर त्या साली भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपली आणि ती म्हणायला लागली, "हाताइत मुंग्या चालून राहिल्या वो."

पारबता आमच्यातली तिखट. ती म्हणाली, "दिवसभर गोड गोड बोलतेस बाई, मुंग्या येतीनच."

हसलो सगळ्या. मग मुंग्या पायांत उतरल्या. मग मुंग्याही गेल्या आणि काहीच उरलं नाही. "भुईवर चालते तं गादीवर चालल्यावानी वाटते," म्हणायची. विड्या सैल व्हायला लागल्या, कारखान्यातून छाट होऊन परत यायला लागल्या. आणि एक दिवस मी बघितलं, कौतिकाबाई मान खाली घालून हाताकडे बघत विडी वळत होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ती दुकानातून आली ती एका पायात चप्पल घालून. पारबतानं बोट दाखवलं, "बाई, दुसरी कुठी हाये?"

तिनं खाली बघितलं. "अगं माय! पडली का?"

चप्पल पायातून गेली ते तिला कळलंच नव्हतं. कोणी हसलं नाही. आमच्या भागात पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, याचा एकच अर्थ लावतात. तो रोग औषधानं बरा होतो, औषध फुकट मिळतं, दवाखान्याची ताई दरवर्षी घरोघर येऊन सांगते. सगळ्यांना पाठ आहे. पण त्याचं नाव कोणी तोंडानं घेत नाही. घेतलं तर घरी येतो, असं आमच्या आयांनी शिकवलेलं.

मी तिला गोंदियाला घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून कापसानं हातपाय तपासले, चट्टे शोधले, साखर बघितली. तिथून नागपूरला पाठवलं, तिथं नसांना करंट लावून बघितला. शेवटी डॉक्टरांनी त्या रोगाचं नाव घेऊनच सांगितलं, "माताजी, कोढ़ नहीं है, शुगर भी नहीं है। नसें कमज़ोर हैं, पर वजह समझ नहीं आ रही।" गोळ्या दिल्या. गरम वस्तूपासून, काट्याकुट्यापासून जपा म्हणाले.

येताना गाडीत कौतिकाबाई म्हणाली, "शेवंते, तू सांगजो त्याइले. माह्या तोंडाचं कोनी खरं मानन नाई."

छपरीत सगळ्या वाटच बघत होत्या. पारबतानं विचारलं, "काय निंगालं?"

मी म्हटलं, "काही सापडलं नाही."

एवढंच. पुढचं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. पण तो रोग नाही हे सांगायला त्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि माझी जीभ रेटेना. कौतिकाबाई माझ्याकडे बघत राहिली. मी सुपात बघितलं.

बायकांनी आपापल्या मनानं समजून घेतलं. कोणी भांडलं नाही. एकीला शेतावर काम निघालं, दुसरीच्या घरी पाहुणे आले. पंधरा दिवसांत सगळ्या जणी पारबताच्या छपरीत बसायला लागल्या. मी सकाळ-संध्याकाळ बाईकडे डोकावायची, चहा द्यायची, पण विड्या वळायला मीही तिकडेच जायची. ती एकदाच बोलली. "डाक्टरनं रोगाले नाव देल्लं नाई, तं गावानं देल्लं. तुहा काय दोष?" दोष माझा होता, आणि ते तिला ठाऊक होतं.

हिवाळ्यात सकाळी आमच्याकडे गोरसी पेटवतात, मातीची शेगडी. आम्ही तिकडे पारबताच्या गोरसीभोवती, ती इकडे तिच्या गोरसीशी एकटी. एका सकाळी चहा घेऊन गेले तर कातडं जळल्याचा वास. कौतिकाबाई रस्त्याकडे बघत बसलेली, आणि तिचा उजवा पाय विस्तवाला टेकलेला.

"बाई, पाय!"

"काय झालं?" ती म्हणाली.

शेजारी एक जणी जरी असती, तर तिनं पाय तेव्हाच मागे ओढायला लावला असता. जखम भरली नाही. विष वर चढलं. दवाखान्यात नेलं, लेक आली, पण संक्रांतीआधीच ती गेली.

तिला शेवटची अंघोळ घालायची होती. लेक एकटी बादलीपाशी उभी. बायका अंगणात, पदर नाकाला. तेव्हा मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, "तिले महारोग नव्हता. डाक्टरनं माह्यासमोर सांगितलं. महारोग नव्हता."

पारबता पुढे आली. "मंग हे तवा काऊन नाई सांगितलंस वो?"

मी बादलीतून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

पारबतानं बांगड्या वर सरकवल्या, खाली बसली, आणि बाईचा तो जळका पाय मांडीवर घेतला. पाणी घालत ती तळवा चोळत होती, अगदी हळू, बाईला दुखू नये अशा बेतानं.