जनकाबाई बकरी परत आणत नाही

डोणगावात प्रसेनजितला सगळे 'ट्रेडर' म्हणायचे आणि त्याच्या आईला, जनकाबाईला, बकऱ्यावाली. हाच मुळात उफराटा न्याय. नवऱ्यामागे आठवडी बाजारात बकऱ्या घेऊन-विकून जिने दोन लेकरं शिकवली ती अडाणी, आणि सहा महिने मोबाइलवर बोट फिरवणारा शहाणा!

जनकाबाईचे नियम दोनच. बाजारात बाजाराचाच पैसा लावायचा, घरच्या पैशाला हात लावायचा नाही. आणि विकायला नेलेली बकरी परत आणायची नाही. भाव पडो की दलाल नडो, दिवस मावळायच्या आत मिळेल त्या भावात दावं दुसऱ्याच्या हाती द्यायचं. बाकीच्या बाया तिला हसत. पण ही अक्कल तिला फुकट मिळाली नव्हती. तरुणपणी एकदा, भाव चढेल म्हणून, तिने तीन बोकड परत आणले होते. पुढच्या बाजारी भाव आणखी उतरला, तरी पुन्हा परत आणले. चारा खाऊन ते तिचंच भांडवल संपवत होते, हे कळेपर्यंत त्यातला एक रोगाने गेला. पुढची दोन वर्षं ती लोकांच्या वावरात मजुरीने निंदणीला जात होती.

प्रसेनजित याच बाजारात, बकऱ्यांच्या पायांत वाढला. बी.ए. झाला, नोकरी लागेना, तेव्हा त्याने बुलढाण्यात एका सरांचा शेअरचा क्लास लावला. पहिल्या महिन्यात बरा नफा झाला. त्याने मोटरसायकल घेतली, चौकात पेढे वाटले. मग सरांनी सांगितलेला एक शेअर पडायला लागला. सर म्हणाले, पडला की आणखी घ्या. याने घेतला. आणखी पडला, आणखी घेतला. स्वतःचे पैसे संपले तेव्हा मयुरीच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, नर्सिंगच्या फीला हात घातला. आईचं बँकेचं खातं त्याच्याच मोबाइलवर चालायचं. तिचा विश्वासच होता तेवढा.

फी भरायला आठ दिवस उरले असताना हे घरात फुटलं. जनकाबाई रडली नाही. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. पैसा बुडाला म्हणून नव्हे, पैसा तिने बुडताना पाहिला होता. पण ज्या पोराला तिने बाजारात अंगाखांद्यावर वागवलं, त्याने तीच चूक पैसे देऊन शिकून यावी?

"पहिल्यांदा पडला तवाच काऊन नाही इकला?" तिने विचारलं.

"वर येईन वाटे, आई."

तिने त्याला सरांना फोन लावायला लावला. सर गोड बोलले. म्हणाले की मुलाकडे संयम कमी पडला, पुढचा मोठा कोर्स केला तर सगळं भरून निघेल.

"सर, या शेअरात तुमचे सोताचे किती बुडाले?" जनकाबाईने विचारलं.

पलीकडून फोन कट झाला. तीन-तीन हजार रुपये घेऊन पोरांना आगीत ढकलायचं, आणि आपण क्लासच्या फीवर जगायचं! याला गावात सर म्हणतात.

बाजाराच्या दिवशी तिने चार बकऱ्या हाकल्या आणि प्रसेनजितला मोटरसायकलही विकायला सोबत घ्यायला सांगितली. बकऱ्या दुपारपर्यंत विकल्या गेल्या. गाडीला एकच गिऱ्हाईक आलं, आणि त्याने लाज वाटावी असा भाव सांगितला. पण बकऱ्यांच्या पैशात ते मिळवले की मयुरीची फी पुरत होती. कागदावर सही प्रसेनजितने करायची होती. तो अडला. म्हणाला, आठ दिवसांनी खामगावले नेऊ, तिथं चांगले पैसे येतीन.

"आणलेलं मी परत नेत नाही," जनकाबाई म्हणाली. "आठ दिवसांनी पोरीची जागा जाईन. सही कर."

त्याने सही केली. गिऱ्हाइकाने गाडी चालू करून रस्त्याला लावली, तोवर तो तिकडे पाहत उभा होता. मग आईने न सांगताच खिशातून मोबाइल काढला आणि तो पडका शेअर, होता नव्हता तेवढा, मिळेल त्या भावात विकून टाकला. किती आले ते तिला सांगितलं. फार थोडे होते.

ती म्हणाली, "बरं. आता चाल, पायी जाऊ."